बेशरम काढायची, तर तिसऱ्या वर्षाचे पैसे आधी मागा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले हे तलाव आजही धान भिजवतात आणि ढिवर कुटुंबांना मासळी देतात. यातल्या बऱ्याच तलावांच्या काठाला डोक्याएवढी उंच, फिकट जांभळ्या भोंगेवजा फुलांची झाडी दाटलेली दिसते. ती बेशरम. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, इकडे कुंपणासाठी आणि हिरवळीच्या खतासाठी लावली गेली. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला बरी, हा हिशेब होता. नावातच तिचा स्वभाव आहे. तोडून फेकली की पडेल तिथे रुजते.

ती काढायची असे गावाने ठरवले की पहिला प्रश्न पैशाचा येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा विचारला जातो. ‘काढायला किती लागतील?’ असे विचारले जाते. विचारायला हवे ते असे: ‘पुन्हा येऊ नये म्हणून तीन वर्षांत किती लागतील, आणि त्यातले कोणत्या वर्षाचे पैसे कोण देईल?’ पहिल्या वर्षाचे पैसे कुठून ना कुठून मिळतात. काम डोळ्यांत भरते, फोटो चांगला येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तलाव वरवर स्वच्छच असतो. गुडघ्याएवढी रोपे उपटायला पैसे मागितले की ‘ते तर झालं ना?’ असे उत्तर येते. चौथ्या वर्षी तलाव जिथे होता तिथेच येतो, आणि गावाची पुन्हा श्रमदानाला यायची इच्छाही संपलेली असते.

परकीय प्रत्येक वनस्पती वाईट नसते. मिरची आणि बटाटासुद्धा बाहेरूनच आले. आक्रमक म्हणायचे ते इथल्या झाडोऱ्याला हटवून स्वतःच्या बळावर पसरणाऱ्याला. तळ्यात बेशरम, नदीत जलपर्णी, जंगलात घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणते तर कोणी रायमुनिया. हा लेख मुख्यतः बेशरमीच्या अंदाजपत्रकाचा आहे. घाणेरीचा हिशेब जिथे वेगळा पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

आधी एक आर उपटून पाहा

अंदाजपत्रक टेबलावर बसून करू नका. सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, दहा मीटर बाय दहा मीटर. तलावाच्या काठावर असे तीन चौकोन सुतळीने आखा. एक दाट, एक मध्यम, एक विरळ. प्रत्येकात चार माणसे लावा आणि घड्याळ लावून मुळासकट उपटायला सांगा. नुसते कोयत्याने छाटलेले धरायचे नाही. छाटलेल्या खुंटाला पावसाळ्यात फुटवा येतो आणि एका काडीच्या जागी चार होतात.

समजा मध्यम चौकोनाला चार माणसांचा अर्धा दिवस लागला. म्हणजे आराला दोन मनुष्यदिवस, हेक्टरला दोनशे. हा आकडा आमचा उदाहरणापुरता आहे. चिखल किती ओला, मुळे किती जुनी, यावर तो दुप्पटही होतो, निम्माही होतो. म्हणूनच दुसऱ्या गावाचे अंदाजपत्रक उचलून स्वतःच्या नावावर लावू नये. निधी देणारा विचारतो, ‘हा दर कुठून आणला?’ तेव्हा ‘या तीन चौकोनांतून, ही तारीख, हे फोटो’ असे सांगता आले की निम्मी लढाई तिथेच जिंकली.

मग काठाने फिरून दाट, मध्यम आणि विरळ पट्टे मोजा. मोबाइलवरचे जमीन मोजायचे कोणतेही साधे ॲप चालते. हे मोजमाप झाडी उभी असतानाच व्हायला हवे, कारण नंतर मोजायला काही उरतच नाही. ढीग मोजायला जाल तर तो आठवड्यात वाळून बसतो. बेशरमीचा दांडा आतून पोकळ असतो, त्यामुळे आज छातीएवढा दिसणारा ढीग तपासणीच्या दिवशी गुडघ्याएवढा असतो आणि मजुरी कापली जाते.

पाच लाखांचा तलाव

एक तलाव धरू. काठाच्या चार हेक्टरवर बेशरम आहे. मजुरी महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६चा दर धरू, दिवसाला ३१२ रुपये.

उपटायला ८०० मनुष्यदिवस. उपटलेला माल पाण्याच्या रेषेपासून दूर, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पलीकडे कोरड्या कडक जमिनीवर वाहून नेऊन रचायला २००. पावसाळ्यानंतर त्याच वर्षी पहिली खुडणी, म्हणजे पुन्हा आलेली रोपे आणि फुटवे काढणे, ८०. पाहणीला दोन माणसांचे चार दिवस, म्हणजे ८. एकूण १,०८८ मनुष्यदिवस, ३,३९,४५६ रुपये. कुदळी, कोयते, दोर, गमबूट, जाड हातमोजे आणि प्रथमोपचार यांना २५,००० धरा. पहिले वर्ष ३,६४,४५६ रुपयांचे झाले. हातमोजे ‘लोकांना सवय आहे’ म्हणून वगळू नका. दांड्यातून पांढरा चीक येतो आणि दिवसभर तो हातावर राहतो.

दुसऱ्या वर्षी सुटलेल्या मुळांचे फुटवे आणि बियांची रोपे काढायला पहिल्या उपटणीच्या तीस टक्के, म्हणजे २४० मनुष्यदिवस धरा. देशी पाणवनस्पती लावायला १००. तिसऱ्या वर्षी खुडणी ८०. दोन्ही वर्षांची पाहणी १६. बेरीज ४३६ मनुष्यदिवस, १,३६,०३२ रुपये.

तीन वर्षांची एकूण रक्कम ५,००,४८८. यातली शेवटच्या दोन वर्षांची रक्कम साधारण २७ टक्के आहे. प्रकल्प बुडतो तो या २७ टक्क्यांत.

वरच्या हिशेबात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे: काम चालवणाऱ्या माणसाची. हजेरी लिहिणे, बिले जपणे, पंचायत समितीच्या खेपा, अहवाल हे सगळे कोणीतरी करणार. त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरले नाहीत तर ते काम गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीच्या गळ्यात फुकट पडते, आणि तिचे लग्न ठरले की कागदांची पिशवीही हरवते. महिन्याला चार-पाच दिवसांचे मानधन धरा आणि ते उघडपणे लिहा.

कोणाच्या खिशातून कोणते काम

रोजगार हमी हा मजुरीचा सर्वांत मोठा झरा. पण २००५च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टातच एक अट होती, जी प्रस्ताव परत आला की मगच लोक वाचत: जे काम दाखवता येत नाही, मोजता येत नाही किंवा पुन्हा पुन्हा करावे लागते, उदाहरणार्थ गवत काढणे, खडे वेचणे, ते घेता येणार नाही. ‘बेशरम निर्मूलन’ असा मथळा घालून प्रस्ताव टाकला की तो थेट या अटीवर आपटतो. त्याच परिशिष्टात पारंपरिक जलस्रोतांचे नूतनीकरण आणि तलावातला गाळ काढणे हे मात्र मंजूर कामांत होते. म्हणून काम ‘मामा तलावाचे नूतनीकरण’ म्हणून जाते. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, तुडुमाकडे, म्हणजे पाणी सोडायच्या दाराकडे, जाणारी वाट मोकळी करणे यांच्यासोबत झुडपे मुळासकट काढणे ही एक बाब असते. यात लपवाछपवी काही नाही. बेशरम काढणे हा तलाव नीट करण्याचाच भाग आहे.

आता हीच अट उलटून वाचा. पुन्हा पुन्हा करायचे काम चालत नाही, म्हणजेच दुसऱ्या वर्षाची खुडणी या पैशातून होणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा खड्डा पडतो तो इथे. कोणाच्या आळसामुळे नाही, नियमाच्या रचनेमुळे.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराचा नवा कायदा मंजूर केला. त्यामुळे जुन्या कामांची यादी जशीच्या तशी गृहीत धरू नका. प्रस्ताव लिहिण्याआधी ग्रामरोजगार सेवक आणि तालुक्याचा तांत्रिक सहायक यांना विचारा की तलावाचे काम आज कोणत्या शीर्षाखाली बसते. तोंडी नको, कामाच्या यादीतला क्रमांक लिहून घ्या. ग्रामसभेचा ठराव, आराखड्यात नाव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट, या साखळीत सर्वाधिक वेळ तांत्रिक मान्यतेला जातो. तिथे तुमचे तीन चौकोनांचे मोजमाप कामी येते.

जमीन कोणाची हेही आधी पाहा. बहुतेक लहान मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आहेत. तिथली ना-हरकत लागते. मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे, तिची लेखी संमती घ्या. संमतीबरोबर तिचा वाटाही मागा. बेशरम गेली की जाळे टाकायला जागा मोकळी होते, फायदा सर्वांत आधी त्यांचाच आहे. संस्थेने तिसऱ्या वर्षाचे ८० मनुष्यदिवस स्वतःच्या अंगावर घेतले, असे करारात लिहून घेतले तर तो मोठा भार कमी होतो.

पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, ज्या गावांना लागू आहे त्यांना दुसरी सोय आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के ग्रामपंचायतींना थेट मिळतात आणि त्यांच्या वापरात जलसंधारण, वनीकरण, वन्यजीव संवर्धन, वन उपजीविका या गोष्टी बसतात. महाराष्ट्राच्या २०१४च्या पेसा नियमांनी ग्रामसभेला स्वतःचा कोषही दिला. सामूहिक वनहक्क असलेल्या गावांत तेंदू आणि बांबूच्या विक्रीचा पैसा येतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हापासून ही वाट खुली आहे. या पैशाचे मोल त्याच्या आकड्यात नाही. त्याला मार्चअखेरची घाई नसते आणि ‘हे काम पुन्हा का?’ असे विचारणारा वरचा साहेबही नसतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की ग्रामकोषाचा रुपया पहिल्या वर्षाच्या उपटणीत घालू नये. तो खुडणीसाठी राखून ठेवावा. पहिल्या दिवशीच ग्रामसभेत ठराव करून १,३६,००० रुपयांची मुदत ठेव करा, ठरावात ‘फक्त दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या खुडणीसाठी’ हे शब्द घाला. नाहीतर मधल्या काळात समाजमंदिराचे पत्रे उडतात आणि पैसे तिकडे जातात.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, हा तिसरा खिसा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. पर्यावरणाचा समतोल आणि वनस्पती-प्राण्यांचे रक्षण त्या यादीत आहे. गावांना ठाऊक नसते ती गोष्ट पुढची. कंपनी एखादा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करू शकते. तो सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालू शकतो. न खर्चलेली रक्कम कंपनीने आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची असते आणि ती तीन वर्षांत वापरता येते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पैसे पहिल्याच मंजुरीत बांधून घेता येतात. पण ते मागावे लागते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘कालावधी: ३६ महिने’ लिहा आणि ‘चालू प्रकल्प म्हणून मंजुरी मिळावी’ असे वाक्य घाला. बारा महिन्यांचा प्रस्ताव दिला तर कंपनी बारा महिन्यांचेच देणार.

अडचण अशी की हा निधी घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिचा सीएसआर-१ अर्ज भरलेला हवा, करसवलतीची १२-अ आणि ८०-जीची नोंदणी हवी आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला हवा. ग्रामसभेकडे हे कागद नसतात. म्हणून बहुधा मधे एखादी संस्था येते. हरकत नाही, पण करार तिघांचा करा: कंपनी, संस्था आणि ग्रामसभा. मजुरीचा दर, कामाची वेळ आणि कोणाला कामावर घ्यायचे हे ग्रामसभा ठरवेल, असे त्यात असू द्या. दिलेल्या पैशांतला व्यवस्थापनाचा खर्च किती, हेही आकड्यात लिहून घ्या.

कंपनीच्या माणसाला झाडे लावायची फार हौस असते. ‘पाच हजार रोपे लावली’ हे वार्षिक अहवालात छान दिसते. तलावाच्या बुडीत पट्ट्यात रोपे लावून काही उपयोग नाही, ती सप्टेंबरात पाण्याखाली जातात. त्याऐवजी मोजायला दुसरा आकडा द्या: मोकळे झालेले हेक्टर, आणि बारा महिन्यांनी मोकळेच राहिलेले हेक्टर. दुसरा आकडा मान्य करून घेतला की खुडणीचे पैसे आपोआप त्यामागे येतात.

बाकीचे खिसे लहान आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळाच्या, निधीत ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले आणि ४० टक्के अबंधित होते. अबंधित भागातून अवजारे घेता येत. सोळाव्या आयोगाचा काळ सुरू झाल्यावर विभागणी ग्रामसेवकाकडून पुन्हा समजून घ्या. जैवविविधता कायदा २००२नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या निधीत बहुधा फारसे काही नसते, पण तिची लोकजैवविविधता नोंदवही उपयोगी आहे. तलावात आधी कोणते मासे, कोणती कमळे, कोणते पक्षी होते याची तिथली नोंद प्रस्तावाला जोडा.

अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी मंडळातून गावासाठी पैसे पाठवण्याची इच्छा अनेकांना असते. इथे एक फरक कळायला हवा. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी ‘परदेशी देणगी’ ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड असले तरी, ती ठरते. परदेशात नोंदवलेल्या मंडळाचीही ठरते. अशी देणगी घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी, खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत हवे, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. सरपंचाच्या खात्यावर डॉलर पाठवणे हा थेट अडचणीत येण्याचा मार्ग आहे.

दोन खिशांतून एकाच कामाचे पैसे मात्र कधी घेऊ नका. रोजगार हमीने उपटणीची मजुरी दिली असेल तर त्याच मजुरीचे बिल कंपनीला लावायचे नाही. एका कागदावर तक्ता करा, डावीकडे काम, वर निधीचे नाव, प्रत्येक कामाला एकाच रकान्यात खूण. हा तक्ता सगळ्या देणाऱ्यांना आधीच दाखवा. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न हाच असतो.

मार्चचा पैसा आणि मोहफुलाचा महिना

सरकारी निधी बहुधा फेब्रुवारीत सुटतो आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो. पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून लोक मोहफुले वेचायला जंगलात असतात. त्यामागोमाग मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. त्यात कुटुंबाला रोख पैसा हातात मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, नोव्हेंबरात धानकापणी. म्हणजे पैसा येतो तेव्हा माणसे नसतात. मग ठेकेदार येतो आणि दोन दिवसांत जेसीबी फिरवतो.

बेशरमीचे स्वतःचेही वेळापत्रक आहे. पाणी ओसरून चिखल अजून ओला असतो तेव्हा मूळ हाताने ओढून निघते. मेमध्ये जमीन तडकते, मूळ मधेच तुटते आणि उरलेला तुकडा जूनमध्ये फुटतो. रब्बीला पाणी सोडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत काठ उघडा पडतो, तो काळ उत्तम. याचा अर्थ ठराव ऑगस्टमध्ये, मोजमाप सप्टेंबरात आणि मान्यता डिसेंबरच्या आत. मस्टर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवे.

रोख पैशाचा प्रश्नही इथेच येतो. कंपन्या हप्त्यांनी देतात, आणि दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर. मजूर आठवड्याला पैसे मागतो, आणि ते बरोबरच आहे. दोन आठवडे मजुरी थकली की तिसऱ्या आठवड्यात काठावर कोणी दिसत नाही, तोवर चिखल वाळतो. निदान तीन आठवड्यांच्या मजुरीएवढी रक्कम आधीच खात्यात असेल तरच काम सुरू करा. वरच्या उदाहरणात रोज चाळीस माणसे धरली तर तीन आठवड्यांचे, आठवड्याचे सहा दिवस, २,२४,६४० रुपये होतात. पहिला हप्ता त्याहून कमी असेल तर तो वाढवून मागा, किंवा रोज वीसच माणसे लावा.

जेसीबी, गाळ आणि टोपल्या

जेसीबी स्वस्त वाटतो. पण त्याचे दात दांड्याचे वीतभर तुकडे करतात, साखळी ते चिखलात दाबते, आणि प्रत्येक गाठीतून नवे झुडूप येते. एका अर्थाने ती लागवडच झाली. यंत्र लावायचेच असेल तर हाताने उपटून झाल्यावर, गाळासाठी.

गाळाचाही धोका आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ शेतात जातो, ही चांगली गोष्ट. पण बेशरमीच्या पट्ट्यातला वरचा थर त्यात गेला तर तुकडे आणि बिया बांधावर पोहोचतात आणि दोन वर्षांत पाटाच्या कडेने झाडी उभी राहते. त्या पट्ट्यातला वरचा वीतभर गाळ वेगळा काढून पाळीच्या पलीकडे टाका. खालचा शेतकऱ्यांना द्या.

उपटलेली झाडी दांडा कडकन मोडेपर्यंत वाळू द्या. मग सरपण म्हणून लोक नेतात. ओली असताना नाल्यात ढकलली तर खालच्या गावाला भेट पाठवल्यासारखे आहे. ढिगाजवळ शेळ्या येऊ देऊ नका. एरवी शेळी बेशरम टाळते, पण चारा नसला की खाते, आणि मग तिला चटकच लागते. थरथर, अशक्तपणा, शेवटी मरण.

मोकळी झालेली जमीन रिकामी ठेवली तर ती बेशरमीचीच होते. पूर्व विदर्भात ढिवर महिलांच्या गटांनी मामा तलावांत जी पद्धत वापरली ती अशी: झाडी उपटायची, तलावाची कोरडी जमीन नांगरायची आणि पावसाळ्यात शेजारच्या चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पतींत मासे अंडी घालतात. काठाला देवधान, म्हणजे रानटी भात, टिकले तर पक्षीही येतात. लागवडीसाठी आणलेल्या प्रत्येक टोपलीत जलपर्णीचे बी-रोप नाही ना, हे पाण्यात हलवून तपासा. एक रोग काढून दुसरा आणल्याची उदाहरणे आहेत.

‘यापासून काही बनवून विका’ असा सल्ला हमखास मिळतो. जलपर्णीच्या टोपल्या, घाणेरीच्या खुर्च्या. कर्नाटकात मले महादेश्वर टेकड्यांत सोलिगा कारागीर घाणेरीचे फर्निचर करतात आणि ते उत्तम असते. पण त्याला लागते ती जाड सरळ काडी, काढावी लागते ती सगळी झाडी. जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. दहा टन वाहून आणा, हाती एक टनसुद्धा सुके येत नाही. उत्पन्नाचा रकाना प्रस्तावात ठेवा, पण खर्च भागवायला तो धरू नका. शिवाय ज्यावर पोट चालू लागते ते संपावे असे कोणाला वाटत नाही.

घाणेरीचे थोडक्यात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतातल्या वाघांच्या क्षेत्रात सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलावर ती पसरल्याचे मांडले. ती जाळली किंवा छाटली तर फोफावते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत सोपी आहे. जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर, फुटवे जिथून येतात त्या भागाच्या खाली, कुदळीने मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे फांद्या मातीला लागून रुजत नाहीत. जमीन ओली असताना, रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात हे सोयीचे पडते. खुडणीचा हिशेब मात्र वेगळा: रोपे सगळीकडे सारखी येत नाहीत. बुलबुल, साळुंक्या फळे खाऊन ज्या उंच झाडांवर बसतात त्यांच्याखाली आणि ओढ्यांच्या कडेला ती येतात. म्हणून दुसऱ्या वर्षी पूर्ण क्षेत्राचे पैसे मागू नका, त्या झाडांवर चुन्याने खूण करून तेवढ्याचेच मागा. मोकळ्या जागी मारवेल, शेडा, पवना या गवतांचे बी टाका. ते नोव्हेंबर-डिसेंबरात गावाच्याच कुरणातून गोळा होते, फक्त वेचणाऱ्याची मजुरी धरा. काम अभयारण्यात असेल तर १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय काडीही हलवू नये.

वरचा तलाव

मामा तलाव साखळीने बांधलेले असतात. वरचा भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात येते, आणि त्या पाण्याबरोबर बेशरमीचे तरंगते तुकडे आणि लव असलेल्या बियाही येतात. खालच्या गावाने पाच लाख खर्चून तलाव स्वच्छ केला आणि वरच्यात झाडी तशीच राहिली, तर पहिल्याच मोठ्या पावसात पुन्हा पेरणी होते. म्हणून साखळीत सर्वांत वरचा तलाव आधी घ्यायचा. तो बहुधा दुसऱ्या ग्रामपंचायतीत असतो, कधी दुसऱ्या तालुक्यातही. दोन्ही ग्रामसभांचे ठराव एकाच प्रस्तावाला जोडा. ते जमलेच नाही, तर निदान खालच्या तलावाच्या तोंडाशी बांबूचा आडवा ताटवा बांधा, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तो साफ करायला दोन माणसांचा एक दिवस धरा. सोळा-सतरा आठवड्यांचे सुमारे चौतीस मनुष्यदिवस, साडेदहा हजार रुपये दर वर्षी. वरच्या पाच लाखांत ही रक्कम नाही. ती वेगळ्या ओळीत लिहा.